आठ हजारांत प्रिंटर घेताय? आधी बंद करायचं बटण बघा

भाऊ, तुम्ही शहाद्याचे, बजेट 8 हजार, दोन पोरांचे प्रोजेक्ट, मधूनच सातबारा आणि फॉर्म, महिन्याला 30-40 पानं. मागचा इंकजेट (शाई फवारून छापणारा प्रिंटर) उन्हाळ्यानंतर कोरी पानं काढायला लागला, असं लिहिलंय. रोग ओळखीचा आहे, माझ्या प्रिंटरचं हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, त्यातच गेलं.

इंकजेट त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खटकन दाबलं किंवा छापताना लाइट गेली, तर ते मधेच उघडं राहू शकतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर, त्यात नोझलच्या, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांच्या, तोंडाशी शाई सुकायला किती वेळ लागणार? लाइट आली की प्रिंटर चालू करा, हेड जागेवर जाऊ द्या, मग त्याच्याच बटणाने बंद करा.

खरं नुकसान होतं ते पुढे. पान कोरं आलं की माणूस हेड क्लीनिंग (प्रिंटरमधलीच हेड साफ करायची सोय) मारत सुटतो. दर वेळी चांगली शाई ओढून खालच्या स्पंजात, म्हणजे पॅडमध्ये, टाकली जाते आणि प्रिंटर त्याचा हिशेब ठेवतो. हिशेब भरला की यंत्र लॉक! मग सेवा केंद्राच्या चकरा. नाव घेत नाही, पण मला तिथे नुसतं पॅड बदलायचं सोडून नव्या हेडचं कोटेशन हातात दिलं, तेही पॅड न उघडता. क्लीनिंग जास्तीत जास्त दोनदा, नोझल चेकचं पान (छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं) काढा, मग 10-12 तास हात लावू नका. सुकलेली शाई मऊ पडायला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतर आणखी एकदा. आणि आठवड्याला एक रंगीत पान काढायचंच, काम असो वा नसो.

आता घ्यायचं काय? 3-4 हजारांचा कार्ट्रिजवाला दिसायला स्वस्त. छोटं काळं कार्ट्रिज शे-सव्वाशे पानांत संपतं, तेही पानाचा 5 टक्केच भाग छापला असं धरून. पोरांचे फोटोभरले प्रोजेक्ट काढाल तर निम्म्यातच. एक मात्र बरं, यात बहुधा हेड कार्ट्रिजमध्येच असतं, सुकलं तर नुसतं कार्ट्रिज बदलून भागतं. नवा टँकवाला (बाटलीने टाकीत शाई भरायचा) 8 हजारांत बसणं कठीण. जुना मिळाला तर नोझल चेकचं पान समोर काढून घ्या, आणि एसटीत आडवा ठेवून आणू नका, शाई सांडते.

माझं मत विचाराल तर 2-3 हजार अजून साठवा आणि काळा-पांढरा लेसर घ्या. टोनर म्हणजे पूड, ती उन्हाने सुकत नाही. रंगीत पानं दुकानातून काढा. सोबत मिळणारा टोनर बऱ्याचदा अर्धवट भरलेला असतो, हे दुकानदाराला विचाराच. आणि लेसर इन्व्हर्टरवर लावू नका. फ्यूझर (पूड कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना एकदम भार ओढतो, घरातला लहान इन्व्हर्टर ट्रिप होतो. दर दुकानागणिक वेगळे असतात, माझे आकडे ढोबळ समजा.

प्रिंटर कूलरच्या झोतात ठेवला असेल तर आधी हलवा. ओलसर हवेने कागद वाकतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात आणि दोष रोलरला जातो. उघडी रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.