अंदमान नक्की कुठल्या समुद्रात?

प्रश्न: आमचं अंदमानला जायचं ठरतंय. मुलांच्या पुस्तकात ही बेटं बंगालच्या उपसागरात आहेत असं लिहिलंय, पण मॅपवर शेजारीच ‘अंदमान समुद्र’ दिसतो. खरं काय? आणि ज्वालामुखी त्या एका बॅरन बेटावरच का?

उत्तर: दोन्ही खरं आहे, कारण ही बेटांची माळ म्हणजेच दोन पाण्यांमधला बांध आहे, पश्चिम किनाऱ्यावर उभं राहिलात तर समोर बंगालचा उपसागर आणि पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) बाजूला, अंदमान समुद्र, जो पार थायलंडपर्यंत जातो.

आता ज्वालामुखीचं. म्यानमारमधली आराकान योमा डोंगररांग दक्षिणेला समुद्रात उतरते आणि तिचेच माथे पुढे कोको, अंदमान, निकोबार म्हणून वर डोकावतात, त्यातला सगळ्यात उंच सॅडल पीक, 732 मीटर. जाजम भिंतीकडे सरकवलं की कशा घड्या पडतात, तसंच इथे भारताची प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) पूर्वेकडच्या प्लेटखाली घुसताना समुद्रतळाचा गाळ खरवडला जाऊन त्याच्या घड्या वर आल्या, म्हणून मुख्य बेटांवर लाव्हा टाकणारा ज्वालामुखी नाही. ती प्लेट आणखी पूर्वेला खूप खोल जाते तेव्हा तिच्यातलं पाणी सुटून वरचा खडक वितळतो, आणि तिथेच बॅरन आणि नारकोंडम ही ज्वालामुखीची बेटं आहेत, ही माळेची दुसरी ओळ समजा. नारकोंडम शांत आहे, पण बॅरन दीडशेहून जास्त वर्षं झोपून 1991 साली जागा झाला आणि त्यानंतरही अधूनमधून राख आणि लाव्हा टाकतोच. तिथे उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघायचा.

ही जमीन किती हलती आहे ते 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात दिसलं. ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट, भारताचं दक्षिण टोक, त्या भूकंपात चारेक मीटर खाली गेलं, दीपगृहाचा पायथा पाण्यात आणि मनोरा तसाच उभा. त्याच वेळी उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला आणि पाण्याखालची प्रवाळं उघडी पडून मेली. एकाच भूकंपात एक टोक खाली आणि दुसरं वर, माझ्या मते पुस्तकातला अख्खा धडा यात आला!

निकोबारचा वेगळा पास लागतो, टेन डिग्री चॅनेलचं साधारण 150 किलोमीटर पाणी मध्ये आहे, त्यामुळे ते बहुधा जमणार नाही, पण बाराटांग बेटावरचा चिखलाचा ज्वालामुखी मात्र सोडू नका. तिथे राखाडी चिखल बुडबुड करत वर येतो, एक बुडबुडा फुगतो, फुटतो, मग जरा वेळाने दुसरा, आणि हा चिखल थंड असतो, कारण खालचा गॅस ओला गाळ वर ढकलतोय, लाव्हाचा काही संबंध नाही. रस्त्याने गेलात तर वाट जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते, गाड्या कॉन्व्हॉयने सोडतात, मध्ये थांबायला आणि त्यांचे फोटो काढायला बंदी आहे, मुलांना हे गाडीत बसायच्या आधीच नीट सांगून ठेवा.