वाचकांचे प्रश्न : पॅकेज, मानधन आणि हातात पडणारा पगार

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियंता असून हिंजवडीतील एका कंपनीत तिला वर्षाला सव्वाचार लाखांचे पॅकेज आहे. आता तलाठी पदासाठीही तिची निवड झाली असून नेमणूक आमच्याच जिल्ह्यात मिळेल. तलाठ्याचा मूळ पगार २५,५०० असल्याचे कळते. म्हणजे महिन्याला दहा हजारांचा तोटाच ना? – एक पालक, बार्शी

उत्तर : आपण वजाबाकी केली आहे ती दोन वेगळ्या जातींच्या आकड्यांची. पॅकेज म्हणजे त्या कर्मचाऱ्यापायी कंपनीला वर्षभरात येणारा एकूण खर्च, तर मूळ पगार हा सरकारी वेतनाचा केवळ पाया असतो आणि त्यावर भत्ते चढतात. त्यामुळे पहिला आकडा खाली उतरवून आणि दुसरा वर चढवून मगच दोन्ही शेजारी ठेवावेत.

सव्वाचार लाखांना बाराने भागले की ३५,४०० येतात, पण ते हातात पडत नाहीत. भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा हिस्सा १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे महिना १,८०० रुपये, याच पॅकेजमधून जातो. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या उपदानासाठी, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के रक्कम त्यातच मोजलेली असते. आरोग्यविम्याचा हप्ता आणि वर्षअखेरीस कामगिरी पाहून मिळणारा, किंवा न मिळणारा, बदलता भाग हेही त्यात धरलेले असतात. मूळ पगार पॅकेजच्या निम्मा, विमा सहा हजार आणि बदलता भाग तीस हजार धरला, तर महिन्याचा ठोक, म्हणजे कपातीपूर्वीचा, पगार २९,७०० च्या घरात येतो. त्यातून मुलीचा स्वतःचा १,८०० रुपयांचा हिस्सा आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा केल्यावर सुमारे पावणेअठ्ठावीस हजार उरतात. निधीत साठणारा पैसा तिचाच आहे हे खरे, पण पुण्यातील खोलीचे भाडे त्यातून देता येत नाही. आपला नेमका हिशेब मुलीच्या नेमणूकपत्राच्या जोडपत्रात असतो. बहुतेक घरांत पहिल्या पानावरचा मोठा आकडा वाचून पेढे वाटले जातात आणि ते जोडपत्र कोणी उघडत नाही.

आता तलाठी, ज्याला अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सातव्या वेतन आयोगानुसार हे पद एस-८ या स्तरात, २५,५०० ते ८१,१०० या श्रेणीत येते. महागाई भत्ता ५५ टक्के धरला, तरी त्याचे १४,०२५ रुपये होतात. हा भत्ता वाढत असल्याने हिशेब करताना चालू दर घ्यावा. घरभाडे भत्ता गावाच्या वर्गाप्रमाणे ठरतो. मुंबई-पुण्यात तो ३० टक्के असला, तरी तालुक्याच्या गावी १० टक्केच, म्हणजे २,५५० रुपये मिळेल. बेरीज ४२,००० च्या पुढे जाते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के, म्हणजे साधारण ३,९५० रुपये जातात आणि सरकार आपल्या बाजूने १४ टक्के भरते. व्यवसाय कर आणि गटविमा वजा जाता साडेसदतीस हजारांच्या आसपास रक्कम हाती येते. वाहतूक भत्ता यात धरलेला नाही.

म्हणजे आजच्या घडीला तोटा तर नाहीच, उलट राहण्याचा खर्च वाचतो तो वेगळा. मात्र आजचा आकडा हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. सरकारी वेतन दरवर्षी तीन टक्क्यांनी सरकते, म्हणजे दहा वेतनवाढींनंतर २५,५०० चे ३४,३०० होतात. दहा, वीस आणि तीस वर्षांनी पदोन्नती न मिळाल्यास आश्वासित प्रगती योजनेतून वरच्या वेतनस्तराचा लाभ मिळतो, आणि मधे नवा वेतन आयोग आला तर मोठी उडी बसते. वाट सरळ आणि संथ आहे. माहिती तंत्रज्ञानात मात्र नवोदितांचा पगार गेली दहा-बारा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळला असला, तरी पुढे माणसामाणसांत फार अंतर पडते. तीन-चार वर्षांत चांगल्या प्रकल्पावर काम करून जो नोकरी बदलतो त्याचा पगार दुप्पट होऊ शकतो, आणि जो बेंचवर, म्हणजे कोणत्याही प्रकल्पाविना, बसून राहतो त्याला कधीही निरोप मिळू शकतो. म्हणून मुलीला पगार विचारण्याऐवजी सध्या ती कोणते काम करते ते विचारावे. तिला स्वतः कोड लिहायला मिळत असेल आणि त्यात गोडी असेल, तर तिने पुण्यातच राहावे असे मी म्हणेन. नुसती आलेल्या तक्रारींची नोंद करून पुढे पाठवण्याचे काम असेल, तर मात्र सज्जा, म्हणजे तलाठ्याकडे सोपवलेली गावे, बरा. अर्थात अतिवृष्टीचे पंचनामे, ई-पीक पाहणीचा, म्हणजे मोबाइलवरून पिकांची नोंद करण्याचा, तगादा, निवडणुकीची कामे आणि शेजारच्या सज्जाचा अतिरिक्त कार्यभार, हे सारे त्या साडेसदतीस हजारांतच येते.

प्रश्न : एका संस्थेच्या माध्यमिक शाळेत मला शिक्षिका म्हणून घेत आहेत. आता अल्प मानधन आहे, पण ‘अनुदान आले की पूर्ण पगार’ असे संस्थाचालक सांगतात. मी होकार द्यावा का? – एक वाचक, परभणी

उत्तर : ‘अनुदान आले की’ या वाक्यावर आपल्याकडे अनेकांची ऐन उमेदीची वर्षे गेली आहेत, त्यामुळे तोंडी शब्दावर विसंबू नये. पूर्ण अनुदानित जागेवर रीतसर निवड झाली, तर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधन मिळते. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. त्याआधी वर्षानुवर्षे ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होते. तीन वर्षांनंतर बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाचा मूळ पगार ३८,६०० वर जातो, म्हणजे भत्त्यांसह सुरुवातीच्या तलाठ्यापेक्षा बराच पुढे. पण ही सारी गणिते अनुदानाच्या टप्प्यावर अवलंबून आहेत. अंशतः अनुदानित तुकडीवर शासनाकडून पगाराचा तेवढाच टक्का येतो, आणि विनाअनुदानित शाळेत शासनाचा एक रुपयाही नसतो.

संस्थेला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : जागा कोणत्या टप्प्याच्या अनुदानावर आहे, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळणार का आणि शालार्थ क्रमांक, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन वेतनप्रणालीतील शिक्षकाचा क्रमांक, कधी मिळेल. या तिन्हींवर मौन असेल आणि वर ‘देणगी’ची भाषा सुरू झाली, तर त्या शाळेकडे पुन्हा फिरकू नये.

प्रश्न : नुकतीच वकिलीची सनद मिळाली आहे. वरिष्ठ वकील काहीच देत नाहीत. हे असेच असते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : पुष्कळदा असते, आणि ते समर्थनीय नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. परंतु ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. पहिली दोन-तीन वर्षे घरून आधार मिळण्याची सोय नसेल, तर वकिलीबरोबर दिवाणी न्यायाधीश किंवा सरकारी अभियोक्ता पदाच्या परीक्षांचा अभ्यास चालू ठेवावा.

प्रश्न : मुलगा आय.टी.आय.तून इलेक्ट्रिशियन झाला आहे. एम.आय.डी.सी.त कंत्राटावर जावे की महावितरणची वाट पाहावी? – एक पालक, मिरज

उत्तर : नुसती वाट पाहत घरी बसू नये. महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी मागील मोठ्या भरतीत पहिल्या वर्षी १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये मानधन होते. ही तीन वर्षे समाधानकारक पार पडली की नियमित वेतनश्रेणीतील तंत्रज्ञ होता येते. पण जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. तोवर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी जरूर करावी, कारण तो दाखला पुढे कामी येतो. कंत्राटावर जायचे झाल्यास ठेकेदार भविष्य निर्वाह निधी भरतो की नाही ते मुलाच्या मोबाइलवर खात्याची नोंद उघडून दर महिन्याला पाहावे. पगारातून कापलेले पैसे खात्यात न पोहोचल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्याच काळात वायरमनच्या परवान्यासाठी अर्ज करून ठेवावा. घरांच्या वायरिंगची कामे पॉइंटमागे दर ठरवून मिळतात, आणि परवाना हाती असेल तर मोठी कामे दुसऱ्याच्या नावावर करून त्याला वाटा देण्याची वेळ येत नाही.