पोरांचा बँड, पोरीचं कौतुक आणि वरची पट्टी

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी वन डिरेक्शन या पोरांच्या बँडचं ‘व्हॉट मेक्स यू ब्यूटिफुल’ दिवसभर गुणगुणते. चाल झकास आहे, पण ‘तू सुंदर आहेस हे तुला ठाऊक नाही, म्हणूनच तू सुंदर’ हे त्यातलं म्हणणं मला खटकतं. मी उगाच कीस काढतेय का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : अजिबात नाही. २०११ साली हे गाणं आलं, ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुढच्या वर्षी त्याला ब्रिट पुरस्कारही मिळाला. पण त्यातला घोळ काही त्यामुळे मिटत नाही. कडव्यात मुलगा म्हणतो, तू बुजरी का, तुला मेकअपची गरजच नाही, खोलीतल्या सगळ्यांना दिसतं ते एकट्या तुलाच दिसत नाही. इथवर छान धीर देणं आहे. धृपदाच्या शेवटच्या ओळीत मात्र तो एकदम सांधा बदलतो : तुला हे माहीत नाही, हेच तुझं सौंदर्य. म्हणजे तिनं याचं म्हणणं पटवून घेतलं की कौतुकाचं कारणच संपलं! तिनं कायम थोडं बिचकूनच राहावं, अशी ही अट झाली.

आणि नेमकी हीच ओळ डोक्यात राहते, ती रचनेमुळे. गाण्याचं नाव धृपदाच्या सुरुवातीला न येता अगदी शेवटी येतं. आधीच्या ओळी त्याच्यासाठी ताण वाढवत नेतात. बहुतेक गाणं ई, ए आणि बी या तीन कॉर्डवर चालतं. पेटीवर पांढरी तीन ‘सा’ धरला तर सा, म आणि प. कानाला पुढचं आधीच कळतं, म्हणून पहिल्यांदा ऐकणाराही दुसऱ्या धृपदाला सूर मिळवतो. वर मध्ये नुसत्या ‘ना ना ना’चा तुकडा आहे, तो तर शब्द न येणाऱ्यांसाठीच.

बंदी घालू नका, गाणं दुप्पट गोड होईल. शब्द छापून घ्या, दोघी बसा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा : बोलतंय कोण, ठरवतंय कोण? मुलीच्या तोंडी एकही ओळ नाही, हे तिच्या तिलाच दिसेल. मग जोडीला बीटीएस या कोरियन बँडची ‘लव्ह युअरसेल्फ’ मालिकेतली गाणी ठेवा. त्यांचा म्होरक्या आरएम यानं २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत जे भाषण केलं, त्याचा रोख होता स्वतःवर प्रेम करा आणि स्वतःबद्दल बोला. तिथे प्रशस्तिपत्र दुसऱ्याच्या हातात नाही. बारा वर्षांच्या मुलीला हा फरक नीट कळतो. शिकवणीच्या सुरात सांगितलं नाही तर.

प्रश्न : आम्ही पाच जण गॅदरिंगला बॅकस्ट्रीट बॉइजचं ‘आय वॉन्ट इट दॅट वे’ म्हणणार आहोत. शेवटच्या कोरसला सगळे किंचाळतात. शिवाय गाण्याचा नक्की अर्थ काय, यावर आमच्यात भांडणं आहेत.
– पाच मित्र, कर्वेनगर

उत्तर : भांडणं मिटवा, अर्थ धड लागत नाही, हे खरंच आहे. हवंय ते ‘तसं’ म्हणजे नेमकं कसं, हे कडवं एक सांगतं आणि धृपद दुसरंच. १९९९ च्या या गाण्याचे लेखक मॅक्स मार्टिन आणि आंद्रेआस कार्लसन दोघेही स्वीडिश. शब्द सुरात कसे बसतात, याकडे त्यांचं लक्ष जास्त. पुढे अर्थ लागेल असा दुसरा पाठही ध्वनिमुद्रित झाला होता, पण बँडनं पहिलाच ठेवला. आमच्या मते बरोबर केलं. तुम्ही गाताना ‘दूर गेलेल्या माणसाशी बोलतोय’ एवढाच भाव धरा, पुरे.

आता किंचाळणं. मूळ गाणं ए मेजरमध्ये, म्हणजे पांढरी सहा. शेवटच्या कोरसला पट्टी पूर्ण एका स्वरानं चढते आणि पांढरी सात होते. तुम्ही पहिल्या कोरसलाच आवाजाच्या टोकाला असाल तर पुढे जागाच उरत नाही. कराओके ट्रॅक उणे दोनवर, म्हणजे दोन अर्धस्वर खाली घ्या : सुरुवात पांढरी पाचवर, शेवट पांढरी सहावर. उणे चारच्या खाली मात्र नेऊ नका. पहिलं कडवं पुटपुटल्यासारखं होतं आणि ट्रॅकचे ड्रम्सही फुसके वाटायला लागतात.

चढताना निम्मे जण जुन्याच पट्टीत राहतात, कारण सराव ट्रॅकशिवाय झालेला असतो. पेटीवर नवा ‘सा’ दाबून फक्त चढाच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन ओळी घोटा, बाकी गाणं बाजूला ठेवा. शेवटच्या कोरसला दोघांनी मूळ चाल, एकानं चालीच्या वरून (चाल ‘सा’वर असेल तर ‘ग’वर), एकानं खालून आणि पाचव्यानं मधल्या हाका, अशी वाटणी करा. पाचही जण पूर्ण आवाजात मूळ चालच गायले की हार्मनी मरते. श्वासही एकदम घेऊ नका, नाहीतर ओळीच्या मधोमध भोक पडतं.

माइकची जाळी मुठीत धरायची हौस सोडा. जाळी झाकली की माइक सगळीकडचा आवाज ओढतो, स्पीकरचासुद्धा, आणि शिट्टी वाजते. तोंडापासून चार बोटं अंतर, मूठ दांड्यावर.

प्रश्न : असंच मराठी गाणं आम्हाला रचायचंय. शब्द चांगले आहेत, पण चालीत अडखळतात.
– निगडी

उत्तर : शब्द लिहिण्याआधी घरं मोजा. मिनिटाला १२५ ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांची एक ओळ जेमतेम दोन सेकंदांची. अर्ध्या ठोक्याला एक उच्चार धरला (‘आज’ एक, ‘काही’ दोन) तर घरं आठ, आठ मात्रांच्या केरवा तालासारखी. आता ‘आज काही सुचत नाही’ म्हणून बघा. सात घरं गेली, श्वासाला जागा नाही आणि वरच्या सुरावर उरला तो ‘ही’. ईकार तिथे आवळला जातो. ‘आज काही सुचेना’ केलं की सहा घरं, पुढची दोन ‘ना’च्या आकाराला, घसा मोकळा.

ओळ व्यंजनावर संपवू नका. ‘मन’, ‘वाट’, ‘पाऊस’ ताणायला गेलात की ‘मना’, ‘वाटा’ असं काहीतरी तोंडातून निघतं. दुसरा नेहमीचा खड्डा म्हणजे समेवर, म्हणजे पहिल्या ठोक्यावर आलेलं लघु अक्षर. ‘तुला काही कळेना’मधला ‘तु’ समेवर टाकलात तर तो ‘तू’ होणारच. अर्धा ठोका आधी सुरू करा, म्हणजे सम ‘ला’वर येईल.

धृपद तयार झालं की शब्द न सांगता नुसती चाल दोघांना दोनदा ऐकवा. तिसऱ्यांदा ते आपणहून गुणगुणले नाहीत तर शब्द पॉलिश करत बसू नका, चाल बदला.

प्रश्न : गॅदरिंगला परदेशी गाणं म्हणायला परवानगी लागते का?
– सांस्कृतिक प्रतिनिधी, सिंहगड रस्ता

उत्तर : महाविद्यालयाच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकच सादर करणार असतील आणि समोर तेच, पालक व संस्थेशी संबंधित मंडळी असतील, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सूट देतं. बाहेरच्यांना तिकीट विकलंत की ही सूट गेली; मग शब्द आणि संगीतासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना बघा. यूट्यूबवर टाकायचं असेल तर कराओके ट्रॅकचे हक्क वेगळे असतात. व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच अडकू शकतो. त्यापेक्षा स्वतःच्या गिटार-पेटीवर वाजवा, निदान ट्रॅकचा प्रश्न सुटतो. गाण्याच्या मालकाचा दावा तरीही येऊ शकतो.