जेवणाच्या टेबलावरचा आलेख

नमस्कार. तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या चार ओळींत आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे, 200 मीटर फ्रीस्टाइलमध्ये राज्य पातळीपर्यंत गेली आहे. तिला ‘स्पोर्ट्स इंजिनिअरिंग’ला, म्हणजे खेळातल्या साधनांच्या आणि मोजमापांच्या इंजिनिअरिंगला घालायचं तर कुठली शाखा घ्यावी आणि त्यासाठी एक वर्ष ड्रॉप घेतला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. त्याआधीची साडेतीन पानं मात्र वेगळ्याच गोष्टीबद्दल आहेत. माझं उत्तरही त्यांच्याबद्दलच होणार आहे, ते गोड मानून घ्या.

तर शाखेचं एका ओळीत. इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल किंवा बायोमेडिकल, यातल्या कुठल्याही वाटेने पुढे खेळाच्या मोजमापांकडे वळता येतं, प्रवेश सीईटी-जेईईचा नेहमीचाच, आणि आयआयटी मद्रासमध्ये क्रीडाविज्ञान व विश्लेषणाचं वेगळं केंद्र आहे. ड्रॉप घेऊ नका. अकरावीत बसूनच ड्रॉपचा विचार करणं म्हणजे पाऊस यायच्या आधी छत्री हरवल्याची तक्रार.

आता ती साडेतीन पानं. तुम्ही कर्ज काढून पोहताना हाताला लावायचे सेन्सरवाले पॅडल आणलेत. सरावाचा डेटा तुमच्या फोनमध्ये उतरतो, रात्री त्याचा आलेख काढून तुम्ही जेवणाच्या टेबलावर ठेवता. डाव्या हाताचा जोर उजव्यापेक्षा 12 टक्के कमी, असं महिनाभर दिसतंय. त्यानंतर व्यायाम वाढवला, जोर वाढला, पण टायमिंग जागच्या जागी. आणि मग तुमचं वाक्य: ‘म्हणजे ती शर्यतीत मनापासून पोहत नाही, हे यंत्रानेच सिद्ध केलं.’

यंत्राने असलं काही सिद्ध केलेलं नाही, साहेब.

पॅडलमधला सेन्सर काय मोजतो? तळहाताच्या बाजूचा दाब आणि हाताच्या पाठीमागचा दाब, यांतला फरक. त्याला हाताच्या क्षेत्रफळाने गुणलं की हातावर पाण्याचा किती जोर येतोय त्याचा अंदाज मिळतो. हा जोर तळहाताला काटकोनात असतो. तळहात कुठे बघतोय ते त्या आकड्यात नाही. हात पाण्यात घालून कोपर न वाकवता सरळ खाली दाबला, तर आलेखावर छान उंच शिखर येईल आणि शरीर पुढे जाण्याऐवजी वर उचललं जाईल. कोपर उंच ठेवून तळहात मागे वळवणारा पोहणारा कदाचित कमी जोरात जास्त पुढे जातो. चांगल्या प्रणाली हाताचा कोन मोजून पुढे ढकलणारा भाग वेगळा काढतात, पण तुम्ही टेबलावर ठेवता तो आकडा एकूण जोराचा आहे, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. दुसरं, हा सेन्सर फक्त हाताचं ऐकतो. पाणी अंगाला जो विरोध करतं तो त्याला दिसतच नाही. वेग 10 टक्क्यांनी वाढवायचा तर विरोध साधारण 21 टक्क्यांनी वाढतो आणि लागणारी शक्ती 33 टक्क्यांनी. म्हणून दमलेल्या पोरीची कंबर थोडी खाली गेली किंवा डोकं वर आलं, तर हाताने कमावलेलं सगळं तिथेच खर्च होतं. जोर वाढला आणि टायमिंग हललं नाही, यात कामचुकारपणा शोधायची गरज नाही. तिला त्या आकड्यावर बोलणी बसतात, म्हणून ती तो आकडा वाढवायला शिकली असेल. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

डाव्या-उजव्यातल्या फरकाचंही तसंच. एकाच बाजूने श्वास घेणाऱ्याच्या दोन हातांत फरक पडणं नेहमीचं आहे. श्वासाला मान वळते तेव्हा समोर पसरलेला हात थोडा आधारालाही वापरला जातो. ती कुठल्या बाजूने श्वास घेते, हे साडेतीन पानांत कुठेच नाही. तुम्हाला ठाऊक आहे का?

तुम्ही अमेरिकन जलतरणपटू केट डग्लसचं उदाहरण दिलंत. रामानुजनच्या गणितात आयुष्य घालवलेले गणितज्ञ केन ओनो यांनी व्हर्जिनिया विद्यापीठात असताना पोहणाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून त्यांच्या हालचालींचं गणित मांडलं, डग्लस त्या पोहणाऱ्यांतलीच, आणि 2024 ला पॅरिसमध्ये तिने 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं. सगळं खरं. एक गोष्ट तुमच्याकडून सुटली. डग्लसने स्वतः संख्याशास्त्राचं शिक्षण घेतलंय आणि या कामावर ओनो आणि इतरांनी मिळून लिहिलेल्या शोधलेखात लेखक म्हणून तिचंही नाव आहे. तिच्या अंगावरचे आकडे तिने स्वतः वाचले. तुमच्या मुलीचे आकडे तुमच्या फोनमध्ये, तुमच्या पासवर्डमागे आहेत. ती ते बघते भाजी वाढली जात असताना.

दुसरं उदाहरण वीरधवल खाडेचं. कोल्हापूरचाच, 16 व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला, मग आपली का नाही, असं तुम्ही लिहिता. त्याची पुढची गोष्टही सांगा ना तिला. 2010 ला आशियाई स्पर्धेत कांस्य, मग तहसीलदाराची नोकरी, मध्ये काही वर्षं पाण्यापासून लांब, मग पुन्हा पाण्यात, आणि 2018 ला जकार्तात 50 मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य 0.01 सेकंदाने हुकलं. ही रेघ कुठे सरळ आहे?

पत्रात दोन वाक्यं अशी आहेत की ती तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत आणि मी दोनदा वाचली. एक, सराव संपल्यावर ती दहा-पंधरा मिनिटं पाण्यात नुसती उताणी पडून राहते. दुसरं, रविवारी तलावावर येणाऱ्या लहान पोरांना तरंगायला शिकवते आणि ‘त्यात ताकद वाया घालवते’. यावरून ‘तिला कोच करा’ असं मी सांगणार नाही. ते म्हणजे तुमचा आलेख काढून माझा ठेवणं झालं. एवढंच म्हणतो की पाणी तिला अजून आवडतं, आणि ते टिकलेलं आहे ते तुमच्या फोनमध्ये नोंद न होणाऱ्या वेळात.

आता तिसऱ्या पानाबद्दल. तुम्ही साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. पॅडलवर विश्वास बसेना म्हणून तुम्ही ते पाण्याच्या पिंपात टेप लावून दर दहा सेंटिमीटरला खाली सोडलंत आणि प्रत्येक वेळी तळहाताच्या बाजूचा दाब सुमारे एक किलोपास्कलने चढतो का, ते वहीत लिहिलंत. हे वाचून मी खुर्चीतून उठलो. या क्षेत्रातला माणूस पहिल्या दिवशी नेमकं हेच करतो, आणि तुम्हाला ते कोणी शिकवलेलं नाही. साहेब, स्पोर्ट्स इंजिनिअरिंगला तुम्हाला जायचंय. मुलीला नाही, निदान अजून तरी नाही.

मी चेष्टा करत नाहीये. आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. नोकरी सोडून ते जमणार नसेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिकवणीवर सिग्नल प्रोसेसिंग (सेन्सरच्या नोंदींतून अर्थ काढणं) आणि बायोमेकॅनिक्सचे (शरीराच्या हालचालींचं यंत्रशास्त्र) अभ्यासक्रम फुकट आहेत. गळीत हंगाम संपला की एक धरा. तलावावर सकाळी पोहायला येणारी चाळिशी-पन्नाशीची मंडळी असतात, त्यांना विचारून त्यांची मापं घ्या. ते ‘नको’ म्हणू शकतात, हा त्यांचा मोठा फायदा. त्यांच्यावर चुका करा, वही भरा, जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या प्राध्यापकांना ती दाखवा. लगेच पगार मिळेल असं खोटं सांगणार नाही.

घरी मात्र एवढं करा. पासवर्ड तिला द्या. टेबलावरून आलेख उचला, आणि दोन महिने तिने आपण होऊन दाखवल्याशिवाय तुम्ही आकडा विचारायचा नाही. स्ट्रोकबद्दल बोलायचं ते कोचने. बारावीनंतर काय, याला ती ‘बघू’ म्हणते असं तुम्ही लिहिलंय. सतराव्या वर्षी हे अगदी रास्त उत्तर आहे. तिला काही विचारायचं असेल तर तिने मला स्वतः लिहावं, तुम्हाला न दाखवता.

आणि ते 12 टक्के. पिंपात तुम्ही एकच पॅडल सोडलं होतं, असं वहीच्या वर्णनावरून दिसतं. डावीकडचा सेन्सर उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे लावून, ती हो म्हणाली तर, चार लेंग्थ पोहून बघा. फरक हाताबरोबर राहतो की सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूला जातो? कारखान्यात दाब मोजणाऱ्या प्रेशर ट्रान्समीटरवर शंका आली तर तुम्ही पहिल्यांदा हेच केलं असतंत.