टेक्सासमधलं कुंपणाचं शिकाररान: फीडर नंतर, आधी मोजणी

केरव्हिलजवळचं ३०० एकरांचं उंच कुंपणाचं रान तुम्ही भागीदारीत घेतलंय, नोव्हेंबरात पैसे भरणारे पहिले शिकारी येणार आहेत, आणि विचारताय ते असं की फीडर, म्हणजे हरणांना दाणा घालायची पिंपं, किती लावायचे नि हरणांच्या चाऱ्यासाठी ओट कधी पेरायचे. दोन्हीबद्दल सांगतो. पण आधी मला सांगा, आत जनावरं किती आहेत?

विकणाऱ्याने दिलेला आकडा धरू नका. आठ फुटी कुंपणातून जास्तीची हरणं बाहेर जात नाहीत, आतच राहून झाडोरा ओरबाडतात. एकदा रानात पायी फिरून या. झुडपांना साधारण चार-पाच फुटांच्या खाली पानच नसेल, सगळीकडे एकाच उंचीवर कापल्यासारखी रेघ दिसत असेल, तर रान भरून वाहतंय असं समजा. मग दहा फीडर लावले तरी उपयोग नाही.

मोजणीसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ उत्तम. रात्री ठरलेल्या वाटेने गाडी सावकाश चालवत झोत टाकून मोजायचं, वेगवेगळ्या तीन-चार रात्री, वाट तीच. जोडीला शंभर एकरांमागे एक ट्रेल कॅमेरा (समोर जनावर हललं की आपोआप फोटो काढणारा), समोर थोडा मका, दोन आठवडे. नर शिंगांवरून एकेक ओळखता येतो, माद्या सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून नर नेमके मोजायचे आणि फोटोंत नरामागे माद्या नि पाडसं किती पडतात ते प्रमाण त्याला लावायचं. सप्टेंबरात शिंगांवरची मखमल उतरते, तेव्हा हे काम आणखी सोपं होतं.

मोजताना फक्त व्हाइटटेल, म्हणजे इथलं मूळचं पांढऱ्या शेपटीचं हरिण, धरू नका. तुमच्या भागात आपले चितळ आहेत! १९३०च्या दशकात इथे आणले, कुंपणातून सुटले आणि आता हिल कंट्रीत, म्हणजे तुमच्या या डोंगराळ पट्ट्यात, मोकळे हिंडतात. काळवीटही दिसतील. देशी माणसाला बघून बरं वाटतं, पण रानाचा मालक म्हणून चितळाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. व्हाइटटेल कोवळा पाला, रानफुलांची रोपं नि ओकची फळं यांवर जगतं, गवतावर त्याचं भागत नाही. चितळ आधी तेच खातो आणि ते संपलं की गवतावर मजेत राहतो. गच्च भरलेल्या रानात चितळ गुबगुबीत आणि शेजारी व्हाइटटेलच्या बरगड्या मोजता येतात, ते याच कारणाने. शिवाय त्याच्या विणीला ठरावीक ऋतू नाही, पाडसं बारा महिने येतात. भारतात १९७२च्या कायद्याने ज्याला हात लावता येत नाही, त्याला टेक्सासात बंद हंगाम नाही की संख्येची मर्यादा नाही, परवाना मात्र लागतो. आकडा जास्त निघाला तर कपात चितळापासून सुरू करा, आणि आत्ताच.

व्हाइटटेलचं तसं नाही. कुंपण तुमचं असलं तरी ती हरणं राज्याची, हंगाम आणि मर्यादा आतही लागू. राज्याच्या वन्यजीव खात्याचा जीवशास्त्रज्ञ खाजगी जमिनीवर फुकट येऊन सल्ला देतो. मोजणीचे कागद त्याच्यासमोर ठेवा आणि किती माद्या काढायच्या ते विचारा. नवखे मालक माद्या मारायला बिचकतात, सगळं लक्ष मोठ्या शिंगांवर. पण रान हलकं होतं ते माद्या कमी केल्यावरच. पैसे घेऊन शिकार करू देणार म्हणजे लीजचा परवाना तुम्हालाही लागेल, आणि २ सप्टेंबर १९७१ किंवा नंतर जन्मलेल्या पाहुण्यांना शिकारी-शिक्षणाचं प्रमाणपत्र विचारा.

आता फीडर. शिंगांची वाढ ऑगस्टमध्ये आटोपते, त्यामुळे सप्टेंबरात ओतलेल्या प्रोटीनच्या गोळ्यांनी यंदा इंचभरही फरक पडणार नाही. मका हे आमिष आहे, पोषण नव्हे, आणि घेताना अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, २० पीपीबीच्या (अब्जात वीस भाग) आत असल्याचं पोत्यावर बघा. ऑक्टोबरात लाइव्ह ओकची (सदाहरित ओकची) फळं पडू लागली की हरणं फीडरकडे फिरकणार नाहीत. तेव्हा घाबरून आणखी फीडर आणू नका, मचाणं ओकच्या बाजूला हलवा. मी तर फीडर कमीच ठेवा म्हणेन. सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग लाळेतून पसरतो, त्याला लस नाही, औषध नाही, आणि तो पसरवणारं बिघडलेलं प्रथिन, म्हणजे प्रिऑन, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. टेक्सासच्या पाळीव व्हाइटटेलमध्ये तो २०१५ साली मेडिना काउंटीत सापडला, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही. एकाच टोपल्यात वीस तोंडं घालण्याची सोय कशाला करायची? आणि शिंगं कमी दिसली म्हणून बाहेरून नर विकत आणून सोडायचं तर डोक्यातूनही काढून टाका.

ओट सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस बघून. तिथल्या चुनखडीवर माती जेमतेम वीतभर, तेव्हा ओढ्याकाठचे सखल तुकडे निवडा. प्रत्येक तुकड्यात जाळीचा एक छोटा पिंजरा ठोका. आतला ओट गुडघाभर आणि बाहेरचा जमिनीलगत असला, की तुमची मोजणी कमी पडली हे कळतं.

नेमासाठी फांद्या छाटणार असाल तर ओकची प्रत्येक जखम तिथल्या तिथे रंगवा, अगदी कुठलाही रंग चालेल. ओक विल्ट हा ओक वाळवणारा बुरशीचा रोग शिरला तर झाडांच्या रांगाच्या रांगा जातात. फेब्रुवारी ते जून ओकला कोयता लावूच नका. मचाणाचे पट्टे उन्हाने कुजतात, दरवर्षी नवे घ्या. कुंपणात ओढा जिथून जातो ती जागा प्रत्येक मोठ्या पावसानंतर बघा, पूर जाळी घेऊन जातो, आणि उरलेलं काम रानडुकरं खालून उकरून करतात.

शेवटचं म्हणजे शीतखोली. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तिथे दुपारी ८० अंश फॅरनहाइट सहज असू शकतं, आणि मांस ४० अंशांच्या आत लवकर न्यावं लागतं. शीतखोली पाहुणे यायच्या आठवडाभर आधी भरल्यासारखी चालवून बघा, कारण हंगामाच्या पहिल्या दिवशी तिथला मेकॅनिकसुद्धा मचाणावरच असतो.