रंगाचं पाणी आणि इलेक्ट्रॉन बीम : वाचकांचे प्रश्न

कापड रंगवून उरलेल्या सांडपाण्यावर इलेक्ट्रॉन बीम, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत, मारण्याबद्दल गेले काही महिने तेच ते प्रश्न येत आहेत. ऐकीव माहिती इतकी पसरली आहे की आता एकदा सगळं सविस्तर लिहितो.

प्रश्न : आमच्या प्रोसेस हाऊसचं (कापड रंगवण्याच्या कारखान्याचं) पाणी बीमखालून गेलं तर ते किरणोत्सारी होईल का? कामगार घाबरलेत. (इचलकरंजी)

नाही. 10 एमईव्हीपर्यंतच्या (एमईव्ही हे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचं माप) इलेक्ट्रॉनांनी पाणी किरणोत्सारी होत नाही आणि या कामाला त्याहून बऱ्याच कमी ऊर्जेची यंत्रं वापरतात. धोका असतो तो बीम चालू असताना आतल्या खोलीत : क्ष-किरण आणि ओझोन. त्यासाठी जाड काँक्रीटच्या भिंती, दार उघडताच बीम बंद करणारी यंत्रणा आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ही परवानगी नंतर पाहू, असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : वडोदऱ्याला आहे तेच का हे?

नाही. तिथे कोबाल्ट-60च्या गॅमा किरणांनी मैल्याचा गाळ निर्जंतुक करतात. कोबाल्ट बंद करता येत नाही, बीम बटण दाबताच बंद होतो.

प्रश्न : एका विक्रेत्याने टाकीत सोडायचं 'ई-बीम युनिट' सुचवलंय. रंग, सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचं माप), टीडीएस (विरघळलेले क्षार) सगळं जाईल आणि गाळ शून्य, असं तो म्हणतो. ऑर्डर देऊ का? (सोलापूर)

देऊ नका. 1 एमईव्हीचा इलेक्ट्रॉन पाण्यात जेमतेम 4 मिलिमीटर शिरतो. म्हणून पाणी पातळ पडद्यासारखं पसरून बीमखालून न्यावं लागतं. टाकीत सोडायची नळी म्हणजे बहुधा अतिनील दिवा असणार. तोही कामाचा असतो, पण त्याला बीम म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

आता टीडीएसचं. हा गैरसमज मला सर्वांत जास्त छळतो, कारण त्यापायी लोकांचे पैसे बुडतात. बीम पाण्याचे रेणू फोडतो, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल हे अतिशय क्रियाशील कण तयार होतात आणि ते डायच्या (रंगद्रव्याच्या) रेणूतला नायट्रोजनचा दुहेरी बंध तोडतात. बंध तुटला की रंग गेला. मिठाचं काय तुटणार? गडद शेडच्या रिअ‍ॅक्टिव्ह डाईंगला लिटरमागे 50 ग्रॅम आणि त्याहूनही जास्त मीठ लागतं, ते सगळं पाण्यातच राहतं. प्रयोगशाळेत लालभडक नमुना बीमखालून निघाला तेव्हा फिक्या चहासारखा झाला होता, बघणारे खूश झाले. मी मीटर बुडवला, तर टीडीएसचा आकडा होता तिथेच. जड धातूही पाण्यातून नाहीसे होत नाहीत. सीओडीसुद्धा कमी डोसला (पाण्यात बीमची ऊर्जा कमी उतरली तर) फारसा उतरत नाही, मोठ्या रेणूंचे लहान तुकडे होतात इतकंच. त्या तुकड्यांना आणि मिठाला पुढे कोण सांभाळणार, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. आणि नमुना द्याल तो रविवारच्या निवळ पाण्याचा देऊ नका. काळा रंग सुटतो त्या पाळीचा द्या, सायझिंगचं (सुताच्या खळीचं) पाणी वेगळ्या कॅनमध्ये द्या. त्या नमुन्यावर त्रयस्थ प्रयोगशाळेत डोस ठरल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : बीम बायोच्या (जिवाणूंकडून पाणी शुद्ध करण्याच्या टप्प्याच्या) आधी की नंतर?

पाण्यावर अवलंबून. कोरियात देगूच्या डाईंग वसाहतीत 1998 साली रोज 1,000 घनमीटरचा पथदर्शी प्रकल्प झाला आणि 2005मध्ये 10,000 घनमीटरचा मोठा. तिथे बीम बायोच्या आधी ठेवला, कारण जिवाणूंना न पचणारे रेणू आधी फोडायचे होते. चीनमध्ये ग्वांगडाँगमधल्या जिआंगमेनला 2020 साली सात यंत्रं बसली, रोज 3 कोटी लिटर. तिथे बीम बायोनंतर आहे, उरलेला रंग काढून पाणी पुन्हा वापरायला. दोन्हीकडे बायो आहेच. तुमच्याकडे काय जमेल, ते पर्यावरण अभियंत्याला प्लांट दाखवून ठरवा.

प्रश्न : वीज किती?

डोस किलोग्रेमध्ये मोजतात. 1 किलोग्रे म्हणजे किलोभर पाण्याला 1 किलोज्यूल, म्हणजे घनमीटरला सुमारे 0.28 युनिट. ही फक्त पाण्यात उतरलेली ऊर्जा. यंत्रातली गळती, पंप आणि ब्लोअर वेगळे. डोस पाचपट लागला तर ही वीजही पाचपट.

प्रश्न : बीम येणारच आहे, तर ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची) दुरुस्ती तोवर थांबवावी का?

अजिबात नाही! टाकीत हवा सोडणारे एअरेशनचे बंद पडलेले डिफ्यूझर या आठवड्यात बदला. बीमची परवानगी, इमारत, चाचण्या यात वर्षं जातात. तोवर नाल्यात काय सोडणार आहात? खाली पंचगंगेचं पाणी लोक पितात.

प्रश्न : आमच्या विहिरीला कधी कधी लालसर पाणी येतं. आमच्यासाठी छोटं यंत्र मिळेल का? (शेतकरी, शिरोळ तालुका)

दादा, नाही मिळणार, आणि ते तुमचं कामही नाही. पिणं आजच थांबवा, उकळूनही पिऊ नका, उकळल्याने डाय जात नाही. लालसरपणा लोहामुळेही येतो, म्हणून अंदाजाने कुणावर बोट ठेवण्याआधी तपासणी हवी. रंग दिसेल त्याच वेळी स्वच्छ बाटलीत पाणी भरा, तारीख-वेळ लिहा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या. रंगाच्या रसायनांचीही तपासणी हवी, असं अर्जात स्पष्ट लिहा. अहवालाची एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला पोचवून पोच घ्या.