वाचक विचारतात : जर्मनीतला भाचा आणि आपला सुतळी बॉम्ब

प्रश्न : सर नमस्कार, माझा भाचा जर्मनीत शिकायला आहे. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर म्हणाला, मावशी इथं दुकानात साधं रॉकेट मिळंना, आणि त्याच पोरानं ३१ डिसेंबरच्या रात्री व्हिडिओ पाठवला तर सगळा रस्ता धुरानं भरलेला, आमच्या विश्रामबागेत लक्ष्मीपूजनाला होत नाही एवढा. मग तिकडं बंदी आहे की नाही? आणि येताना तिकडचे फटाके आणू का विचारतोय.
(एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, भाचा दोन्ही वेळेला खरंच बोलला. तिकडं बंदी आहे ती तारखेची. रॉकेट, शॉट्स, बार असला माल दुकानात फक्त २९, ३० आणि ३१ डिसेंबरला विकायचा, मधे रविवार आला तर एक दिवस आधीपासून, आणि उडवायचा ३१ ला नाहीतर १ जानेवारीला. मग काय, वर्षभराची हौस लोक एका रात्रीत भागवून घेतात, धूर होणारच. कोरोनात २०२० आणि २०२१ ला ही तीन दिवसांची विक्रीपण बंद ठेवली होती, जखमी लोकांनी दवाखाने भरायला नकोत म्हणून.

पण भाच्याला सांगा, बॉक्सवरचा नंबर बघ. युरोपात फटाक्यांवर एफ१ ते एफ४ असं लिहिलेलं असतं. एफ१ म्हणजे फुलबाजीसारखं बारीकसारीक, ते जर्मनीत वर्षभर विकता येतं आणि १२ वर्षांच्या पोरालापण घेता येतं. एफ२ ला, म्हणजे वर सांगितलेल्या रॉकेट-बारला, तिथं १८ वय लागतं. एफ४ ट्रेनिंग घेतलेल्या माणसालाच, म्हणजे आपल्या कवठे एकंदला दसऱ्याला सिद्धराजाच्या पालखीपुढं जे दारूकाम होतं ना, तसलं मोठं काम तिकडं साध्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचंच नाही.

आता मला लई मजा वाटते ती इंग्लंडची. तिथल्या २००४ च्या नियमांत दिवाळी नाव घेऊन लिहिलीय! एरवी रात्री ११ नंतर फटाका वाजवायचा नाही, पण दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत चालतंय. आणि आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं २०१८ ला दिवाळीसाठी वेळ दिली रात्री ८ ते १०. म्हणजे लंडनमधला सांगलीकर कायद्यानं मध्यरात्रीनंतरपण भुईनळ्याचं झाड लावू शकतो आणि सांगलीतल्या सांगलीकरानं दहाला आवरायचं. (आवरतो का, ते तुम्ही विश्रामबागेत राहता, तुम्हीच सांगा.)

आपला कायदा आवाज आणि धूर बघतो. फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज नको, बेरियम हे विषारी रसायन नको, कमी धुराचे ग्रीन फटाकेच पाहिजेत, आणि माळपण नको. आम्ही लहानपणी लवंगीची माळ आणली की मांडी घालून तिचा दोरा सोडवत बसायचो आणि एकेक सुट्टा करून खिशात भरायचो, चार दिवस पुरवायचो, वात तुटली की रडारड. पैसे नव्हते म्हणून जे केलं ते आता कोर्टाच्या हिशोबात बसतंय म्हणायचं!

अमेरिकेत परत तिसरंच, तिथं आतली दारू मोजतात. हातानं लावायच्या साध्या फटाक्यात बार करणारी पावडर ५० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणजे तांदळाचे दोन-तीन दाणे धरा वजनाला. आपला सुतळी बॉम्ब तिथं बसणारच नाही, त्याच्या जातीचे एम-८० वगैरे त्यांनी १९६६ लाच बंद केलेत. त्यावर परत प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा. मॅसॅच्युसेट्समध्ये तर घरगुती फुलबाजीपण बंद, मग लोक शेजारच्या न्यू हॅम्पशायरला जाऊन घेतात, आपण मिरजेहून कर्नाटकातल्या कागवाडला पेट्रोल भरायला जातो तसं, फक्त परत येताना पोलिसांनी धरलं तर माल जप्त. नेदरलँड्समध्ये जर्मनीसारखीच तीन दिवस विक्री चालायची, पण २०२५ ला त्यांच्या संसदेनं सामान्य माणसासाठी रॉकेट-बॉम्ब बंद करायचा कायदा मंजूर केला.

आणायचं म्हणाल तर अजिबात नाही. विमानात फटाके हातातल्या बॅगेतपण चालत नाहीत आणि खाली टाकायच्या बॅगेतपण नाहीत, आणि परदेशी फटाका इथं परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे. त्याला म्हणावं चॉकलेट आण.

प्रश्न : दिवाळीला कराडात स्टॉल टाकायचाय, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन घरपोच दिलं तर चालेल का?
(एक वाचक, कराड)

उत्तर : दादा, नाही. ऑनलाइन विक्री २०१८ च्या त्याच निकालात बंद झालीय, व्हॉट्सॲपचा खेळ करून परवाना घालवू नका. तात्पुरता परवाना आधी काढा, आणि शेड कापडाचं नको, पत्र्याचं करा. दोन शेडमध्ये ३ मीटर अंतर, तोंडं समोरासमोर नकोत. आणि लक्ष्मीपूजनाला स्टॉलमध्ये पणती लावू नका, उघड्या दिव्याला बंदी आहे. पूजा घरी करून या.